पांढऱ्यावर पांढरं : कोर्सेअरच्या डेकल्सची हकिगत

टामिया कंपनीच्या किटमधून जोडलेलं कोर्सेअर या लढाऊ विमानाचं प्लास्टिक मॉडेल (१/४८, म्हणजे मूळ विमानाच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्श्याएवढं) रविवारी, २४ नोव्हेंबर २०२४ला, एकदाचं संपलं. जोडणीबद्दल आणि एअरब्रशबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत, त्यामुळे त्या भानगडीत मी पडत नाही. मला लिहायचंय ते पांढऱ्या डेकल्सबद्दल. त्या पायी हे विमान रंगवून झाल्यावरही कपाटावर धूळ खात बसलं होतं, आणि नवीन मॉडेल करणारे बरेच जण याच टप्प्यावर किट गुंडाळून माळ्यावर टाकतात, हे मी पाहिलंय.

ज्यांनी हा प्रकार हाताळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डेकल म्हणजे पाण्यात भिजवून सरकवायची चित्रं. खाली जाड कागद, त्यावर डेक्स्ट्रिनचा (म्हणजे स्टार्चपासून केलेल्या डिंकाचा) थर, त्यावर पारदर्शक फिल्म आणि फिल्मवर छापलेली शाई. शाई लाल-काळी असेल तर प्रश्नच नाही. पांढरी असेल तर कागदही फिकट, शाईही फिकट, आणि वर एक मिलिमीटरच्या आतबाहेर उंचीची अक्षरं.

मी निवडलेलं विमान अमेरिकी नौदलाचं, बंकर हिल या विमानवाहू जहाजावरचं, १९४५ सालचं. अख्खं गडद निळं, चकचकीत. नाक पिवळं, कारण फेब्रुवारी १९४५च्या टोकियोवरच्या हल्ल्यांसाठी ते तसं रंगवलं होतं. बाकी खुणा पांढऱ्या: आकडे पांढरे, तारे पांढरे, सूचनांची बारीक अक्षरं पांढरी. शेपटीवर उभा पांढरा बाण. जानेवारी १९४५मध्ये त्यांच्या नौदलाने प्रत्येक जहाजाच्या विमानांना वेगळी भौमितिक खूण ठरवून दिली, त्यात बंकर हिलच्या वाट्याला बाण आला. मॉडेलवर हे सगळं देखणं दिसतं. शीटवर काहीच दिसत नाही.

खुणांची शीट मी १२ ऑगस्टला परदेशातून मागवली. शीट साधारण अकराशे रुपये, टपाल नऊशे. पार्सल मुंबईला पोचल्यावर ट्रॅकिंगवर कस्टम्सचा शेरा आला आणि तिथेच थबकला. मग ओळखपत्राची प्रत आणि बिल मागणारं पत्र आलं. इथे एक सांगून ठेवते: विक्रेत्याकडून आलेल्या बिलाची पीडीएफ पहिल्या दिवशीच जपून ठेवा आणि पैसे भरल्याची बँकेची नोंदही सोबत जोडा. बिलावर नुसतं ‘हॉबी आयटम’ असेल तर वस्तू काय आहे ते एका ओळीत स्वतः लिहून द्या. ‘प्लास्टिक मॉडेलसाठी छापील चित्रांचा कागद, एक नग’ असं मी लिहिलं होतं. गणपतीच्या दोन दिवस आधी पोस्टमन दारात आले. ड्युटी सहाशेच्या घरात, ती त्यांनाच द्यायची होती. सुटे पैसे तयार ठेवा.

पाकीट उघडलं, तर आत फिकट निळसर कागदाचा एक तुकडा. वर निर्मात्याचं नाव काळ्यात होतं म्हणून सरळ बाजू कुठली ते कळलं, एवढंच.

दुसरी शीट माझ्याकडे आधीपासून होती. इथे पुण्यात, एरंडवण्यात, एक ज्येष्ठ मॉडेलकार राहतात, आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. त्यांनी सूचनांच्या अक्षरांची ही जुनी शीट मला दिली होती. तिचा कागद निळा नव्हता, दुधाळ पांढरा होता, आणि फिल्म वयोमानाने पिवळसर पडलेली. म्हणजे दोन शीट, दोन तऱ्हा. एकीला लागू पडलेला उपाय दुसरीला लागू पडला नाही. मला वाटतं, पांढऱ्या डेकल्सबद्दल जो उलटसुलट सल्ला मिळतो त्याचं कारण हेच असावं. सांगणारा आपल्या कागदापुरतं खरंच सांगत असतो.

गणपतीचे दिवस नुसते डोळे ताणण्यात गेले. खिडकीशी, ट्यूबलाइटखाली, गॅलरीत उन्हात. ऊन तर सगळ्यांत वाईट, कागद इतका झगमगतो की उरलंसुरलंही पुसलं जातं. मी चोपन्नची, चष्मा प्रोग्रेसिव्ह. विसर्जनानंतर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी मला टेपने अंतर मोजून दाखवायला सांगितलं: वाचताना पुस्तक कुठे धरता, आणि हे काम करताना हात कुठे असतात? दोन्हींत चांगलाच फरक होता. प्रोग्रेसिव्ह काचेत जवळचं दिसणारा भाग खाली आणि अरुंद असतो, त्यामुळे मॉडेलवर वाकलं की मान वर करून बघावं लागतं. त्यांनी फक्त कामाच्या अंतराचा एकाच नंबरचा साधा चष्मा लिहून दिला. फ्रेमसकट नऊशे रुपये. चाळिशी ओलांडलेल्यांनी भिंगाचे दिवे, हेडबँड वगैरे घेण्याआधी हे करावं असं माझं ठाम मत आहे. डेकल त्याने दिसू लागलं नाही, ते खरं. पण पुढच्या सगळ्या कामात मान शाबूत राहिली.

पहिला खरा उजेड पडला तो अंधारात. खोलीतले दिवे बंद करून शीट टेबलावर सपाट ठेवली, मोबाइलचा टॉर्च टेबलालगत जवळजवळ आडवा धरला आणि समोरच्या बाजूने पाहिलं. छापलेली शाई कागदापेक्षा किंचित उंच असते आणि फिल्मची चकाकी कागदापेक्षा वेगळी असते. आडव्या उजेडात कडा चमकतात. तारे दिसले, आकडे दिसले, बाण दिसला. पण एका वेळी शीटचा एक पट्टाच दिसतो. टॉर्च हलवला की तो पट्टा पुढे सरकतो आणि मागचं पुन्हा गायब. एका हातात टॉर्च, दुसऱ्यात कात्री, असं करून मोठे आकडे कापता येतील. बारीक अक्षरांना हे पुरत नाही. कायमची नोंद हवी होती.

म्हणून स्कॅन करायचं ठरवलं. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्या मुलाने कागद उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, “काकू, हा कोराच आहे. चुकून दुसरा आणला का?” मी म्हटलं, कोराच स्कॅन कर बाबा. फीडरमधून घालू नको, वरच्या काचेवर ठेव आणि सर्वांत जास्त रिझोल्यूशन लाव. (हे फीडरचं कटाक्षाने सांगा. आतले रोलर कागद वाकवतात आणि जुनी फिल्म तडकू शकते.) वीस रुपये. फाइल घरी उघडून कॉन्ट्रास्ट वाढवला, तेव्हा निळ्या शीटवर धूसर आकृत्या उमटल्या. दुधाळ शीटवर मात्र काही नाही, नुसते कागदाचे डाग. स्कॅनरचा उजेड सगळीकडे सारखा पसरतो. टॉर्चने जे काम कडेच्या चमकीवर होत होतं, ते तिथे होतच नाही.

पण निळ्या शीटवर थोडं का होईना दिसलं, त्याअर्थी रंगातच फरक आहे आणि तोच ताणायला हवा, हे लक्षात आलं. फिकट निळा कागद लाल प्रकाश थोडा कमी परतवतो. पांढरी शाई सगळे रंग सारखेच परतवते. मग उजेडच लाल केला तर? गणपतीच्या आराशीतला लाल जिलेटिन कागद उरला होता. त्याच्या दोन घड्या टेबललॅम्पवर लावल्या (एलईडी दिव्यावरच लावा, साध्या बल्बवर वितळेल). कागद किंचित काळवंडला, तारे किंचित उजळले. डोळ्यांना फरक बेताचाच. मोबाइलने त्याच लाल उजेडात फोटो काढला, ब्लॅक अँड व्हाइट केला, कॉन्ट्रास्ट चढवला आणि अख्खी शीट समोर आली. करड्या कागदावर पांढरे आकडे, कडेला कंपनीने छापलेले अनुक्रमांकसुद्धा. ते तिथे आहेत हेच तोवर माहीत नव्हतं.

नंतर तापकीर गल्लीतून लाल एलईडी बल्ब आणला, एकशेवीस रुपयांना. त्याचा लाल जिलेटिनपेक्षा शुद्ध आणि फोटो अधिक स्वच्छ. बल्ब आणायचा नसेल तर दिवसाउजेडी काढलेल्या फोटोवरही चालतं: फोटो एडिटिंगच्या अनेक अ‍ॅपमध्ये ब्लॅक अँड व्हाइट करताना रंगीत फिल्टर निवडता येतो, तिथे लाल निवडायचा. काम तेच, थोडं दाणेदार. निळा फिल्टर निवडलात तर होतं तेही जाईल.

दुधाळ शीटवर लाल बल्ब निरुपयोगी ठरला. ठरणारच, कागदाला रंगच नाही.

मी एका सहकारी बँकेत कॅशिअर आहे. आमच्या काउंटरवर नोटा तपासायचा अतिनील दिवा असतो. खऱ्या नोटेचा कागद त्याच्याखाली निस्तेज राहतो, फक्त त्यातले तंतू आणि नंबर चमकतात. साधा पांढरा कागद मात्र निळा भगभगतो, कारण तो अधिक पांढरा दिसावा म्हणून त्यात चमक आणणारं रसायन घातलेलं असतं. हे रोज बघतेय. पांढऱ्या शाईत बहुतेक वेळा टायटेनियम डायऑक्साइड असतं आणि ते अतिनील किरण शोषून घेतं, हे सनस्क्रीनच्या बाटलीवर वाचलेलं. दोन्ही एकत्र जोडायला इतका वेळ का लागला कोण जाणे. दुपारच्या सुट्टीत शीट दिव्याखाली धरली. कागद निळा उजळला आणि त्यावर अक्षरं काळपट उमटली. ‘नो स्टेप’ (इथे पाय ठेवू नका) वाचता आलं! शेजारच्या काउंटरवरून आवाज आला, “मॅडम, खोटी आहे का?”

तसाच छोटा बॅटरीवरचा दिवा बाजारात मिळतो, २०२४मध्ये दोन-अडीचशेला मिळत होता. त्याच्याकडे थेट बघू नका आणि शीट फार वेळ खाली ठेवू नका, फोटो काढण्यापुरतंच. तुमच्या शीटच्या कागदात ती चमक नसेल तर काहीच होणार नाही. तेव्हा विकत घेण्याआधी कुठल्या तरी दुकानात गल्ल्याजवळच्या दिव्याखाली बघून घ्या, कुणी नाही म्हणत नाही.

दोन्ही फोटो ए-फोर कागदावर मोठे करून छापून घेतले. हाच माझा नकाशा. त्यावर किटच्या सूचनापत्रातले क्रमांक लाल पेनने लिहिले, कुठलं अक्षर विमानावर कुठे जातं ते समोर लिहिलं. मग आडवा टॉर्च लावून, नकाशा शेजारी ठेवून, मूळ शीटवर प्रत्येक डेकलभोवती फिल्मच्या बाहेरून पेन्सिलीने चौकट आखली आणि क्रमांक टाकला. पेन्सिलच वापरा. जेल पेनची शाई पाण्यात उतरते आणि पांढऱ्यावर चढते. या कामाला नवरात्रातल्या संध्याकाळी गेल्या आणि खरं सांगायचं तर मला तो सगळ्यांत आवडता भाग वाटला. बॅलन्स टॅली व्हावा तसा एकेक क्रमांक जुळत गेला.

आता काकांच्या शीटचा पिवळेपणा. जुनी शीट पारदर्शक पिशवीत बंद करून उन्हाच्या खिडकीला चिकटवली की पिवळेपणा उतरतो, हा मॉडेलवाल्यांचा जुना उपाय आहे. पण काकांनी फोनवर एक मोलाचं सांगितलं: “ताई, आधी चौकटी आखून घ्या. पिवळेपणा आहे तोवर फिल्मची कड दिसतेय. एकदा पांढरी झाली की तीही जाईल.” अगदी तसंच झालं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, १३ ऑक्टोबरला, शीट गॅलरीच्या दाराच्या काचेला लावली. मध्ये परतीच्या पावसाने खोडा घातला, पण ऑक्टोबर हीटनेही आपलं काम केलं. महिनाअखेर काढली तेव्हा अक्षरं शुभ्र आणि पेन्सिलीच्या चौकटी वगळता शीट पूर्ण कोरी.

जुनी फिल्म पाण्यात तुकडे तुकडे होण्याची भीती असते. कोपऱ्यातलं एक बिनकामाचं अक्षर भिजवून पाहिलं, त्याला भेगा पडल्या. मग शीटवर डेकल फिल्मचं द्रावण ब्रशने एका थरात लावलं आणि रात्रभर वाळवलं. हे लावल्यावर सगळी शीट एकच अखंड फिल्म होते, म्हणून प्रत्येक अक्षर शाईच्या अगदी लगत कापावं लागतं. नकाशा आणि चौकटी नसत्या तर ते निव्वळ अशक्य होतं.

आणखी एक गोष्ट पुण्यातल्या बऱ्याच जणांना लागू पडेल: पाणी. आम्ही धायरीत राहतो, सोसायटीला बोअर आणि टँकर. निळा रंग दिलेल्या प्लास्टिकच्या चमच्यावर मी आधी चाचणी घेतली. नळाचं पाणी वाळल्यावर पांढरे ठिपके राहिले, आणि ते ठिपके नेमके बारीक अक्षरांएवढे. गडद विमानावर क्षार कुठला आणि सूचना कुठली हे ओळखायला पुन्हा दिवा आणावा लागला असता. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर आणलं. ते स्वस्त असतं आणि एक कॅन वर्षभर पुरतो.

डेकल लावायला दिवाळीची सुट्टी धरली, ३१ ऑक्टोबरपासून. पाण्यासाठी पांढरी वाटी नको. हॉटेलच्या पार्सलचा काळा प्लास्टिकचा डबा धुऊन घेतला. त्यात डेकल सुटून तरंगलं तरी काळ्यावर लगेच दिसतं. मांडीवर काळी ओढणी पसरली, पडलेलं सापडावं म्हणून. आणि एक सुखद धक्का बसला: शीटचा तुकडा भिजला की कागद पाणी पितो, गडद होतो, आणि कोरड्यावर न दिसणारी अक्षरं आपोआप उठून येतात. म्हणजे कापेपर्यंतच खरी लढाई. पण ओल्यावर दिसेल या भरवशावर शीट अख्खी भिजवायची नाही, सगळीच एकदम सुटतील.

दिसली तरी उलटी-सुलटी कळत नाहीत, इतकी काही अक्षरं बारीक. त्यासाठी कापतानाच वरचा उजवा कोपरा तिरका छाटायचा. चिमट्याने मॉडेलजवळ नेईपर्यंत तो कोपरा वाट दाखवतो. भिजवायला वीस-तीस सेकंद, मग बाहेर काढून ओल्या स्पंजवर ठेवायचं, डिंक आपल्या वेळेने सुटू द्यायचा. मॉडेलवर आधी सेटरचा, म्हणजे डेकल नीट बसवणाऱ्या द्रवाचा, थेंब (त्याला व्हिनेगरसारखा वास येतो, घाबरू नका), मग डेकल सरकवायचं, मग इअर बडने पाणी टिपायचं. गडद रंगावर फिल्मखाली हवा अडकली तर रुपेरी धुकं दिसतं, याला सिल्व्हरिंग म्हणतात. ते टाळायला खालचा रंग गुळगुळीत, चकचकीत हवा. माझा मुळात रंगच चकचकीत असल्यामुळे मला वेगळा ग्लॉस कोट (चकचकीत पारदर्शक थर) लागला नाही. मॅट, म्हणजे चकाकी नसलेला, रंग असेल तर ग्लॉस हवाच.

एक गोष्ट कुणी आधी बोललं नव्हतं. पांढरी शाई कागदावर पांढरी, पण गडद निळ्यावर ठेवली की आकाशी होते, कारण थर पातळ असतो. शेपटीवरचा बाण असाच दुधात निळ पडल्यासारखा दिसू लागला. सुदैवाने शीटवर त्याची जादा प्रत होती. पहिला बाण पूर्ण वाळू दिला, सॉफ्टनर (फिल्म मऊ करून पृष्ठभागावर बसवणारं द्रावण) मुद्दाम लावलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्यावर दुसरा बाण बसवला. पांढऱ्यावर पांढरं जुळवताना पुन्हा तोच आडवा टॉर्च कामी आला. दोन्ही कडा एका रेषेत चमकल्या की झालं. सॉफ्टनर शेवटी, दोन्हींना मिळून. ताऱ्यांची जादा प्रत नव्हती, ते किंचित निळसरच राहिलेत. शेजारी शेजारी बघितलं तर कळतं. शीट मागवताना महत्त्वाच्या खुणांच्या दोन प्रती आहेत का एवढं विचारून घ्या. नसतील तर दोन शीट घ्या किंवा स्टेन्सिल कापून पांढरा रंग फवारा. मोठ्या, सरळ कडांच्या आकारांना तेच बरं, असं आता मला वाटू लागलंय.

भाऊबीज होईतो आकडे आणि तारे झाले. बारीक अक्षरं नंतर रोज रात्री जेवणं आटोपल्यावर थोडी थोडी लावली. डावा पंख झाला की नकाशावर टिक. दोन अक्षरं हरवली, ती ओढणीवरही सापडली नाहीत. पंखाच्या खालच्या बाजूची होती, तशीच सोडून दिली.

शेवटी डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवलेल्या मऊ ब्रशने डेकलभोवतीचा डिंक पुसून काढला. हा डिंक राहिला तर वाळल्यावर पिवळट कडा दिसतात. दोन दिवस थांबून १७ नोव्हेंबरला सेमी-ग्लॉस क्लिअरचा (बेताची चकाकी असलेल्या पारदर्शक रंगाचा) पातळ हात दिला, आणि आठवड्याभराने चाकं, अँटेना वगैरे नाजूक भाग चिकटवले. काकांच्या शीटवरची उरलेली अक्षरं सिलिका जेलच्या पुडीबरोबर बंद पिशवीत ठेवली आहेत, नकाशाची प्रत आतच घडी घालून. पिशवीवर मार्करने ‘कोरा कागद नाही’ असं लिहिलंय, कारण आमच्याकडे किराण्याच्या याद्यांसाठी कागद शोधणारे हात फार आहेत.